साक्ष द्यायला कोण उभं राहतं? यशस्वी ख्रिस्ती जीवनाबद्दल चर्चा

सदरची_रविवारशाळा (धागा सुरू करणारी)

नागपुरातल्या ज्या ज्या मराठी मंडळ्यांत (चर्चमध्ये) मी उपासनेला बसले आहे, तिथं साक्षीच्या वेळी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायच्या वेळी, बहुतेक एकाच प्रकारचे लोक उभे राहतात. मुलाला पुण्यात चांगलं पॅकेज मिळालं, मिहानमध्ये नोकरी लागली, कॅनडाचा व्हिसा आला, फ्लॅटचा ताबा मिळाला. सगळे हालेलुया म्हणतात, मीही म्हणते. त्यांचा आनंद मला खुपत नाही. पण ज्याची नोकरी गेली, जिचं लग्न मोडलं, ज्याच्या बापाची दारू अजून सुटली नाही, ते कधी उभे राहत नाहीत. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही असं आपणच त्यांना नकळत शिकवलं आहे.

मध्यंतरी रविवार शाळेत मी मुलांना विचारलं, देवाचा आशीर्वाद असलेलं घर कसं ओळखायचं? पहिला हात वर आला आणि उत्तर आलं, "त्यांच्याकडे कार असते." बाकीच्या मुलांनी माना डोलावल्या. कुणीही हसलं नाही.

आपल्या घरोघरी कॅलेंडरवर बायबलातलं यिर्मया 29:11 असतं, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत ते. ते वचन बाबेलात पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या आधीच्याच वचनात 70 वर्षं थांबावं लागेल असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण परक्या मुलखातच मरणार होते. त्यांना सांगितलं काय, तर घरं बांधा, मळे लावा आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. हे आपण कॅलेंडरवर छापत नाही.

कवी नारायण वामन टिळकांचंच बघा. ते नागपुरात श्रीमंत बुटींकडे संस्कृत ग्रंथांचं काम करत होते. 1893 मध्ये इथून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना बायबलचा नवा करार दिला आणि त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काय मिळालं? जातीनं टाकलं, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या, 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारायला घेतला आणि 1919 मध्ये वारले. 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं काव्य अपुरं राहिलं, ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. आज टिळक आपल्या साक्षीच्या वेळी उभे राहिले असते तर काय सांगितलं असतं?

माणूस कशाला धरून राहिला आणि त्याच्यामुळं दुसऱ्या कुणाचं ओझं हलकं झालं का, एवढंच ख्रिस्ती जीवनाच्या यशात मोजायचं असं माझं मत आहे. मिळकत त्या हिशेबात येतच नाही.

---

ठेकेदार_कोराडीरोड

ताई, जय ख्रिस्त. मनापासून लिहिलंय हे दिसतं, पण मी असहमत आहे.

साक्ष म्हणजे आभार. लूक 17 मध्ये दहा कुष्ठरोगी बरे झाले, एकच परत आला आणि मोठ्यानं देवाचं गौरव केलं. येशूनं त्याला असं नाही म्हटलं की बाबा रे, हळू बोल, अजून बरे न झालेले ऐकतील. बाकीचे नऊ कुठे आहेत, हे विचारलं. माझ्या मुलाला नोकरी लागली आणि मी मंडळीत तोंड उघडलं नाही, तर मी त्या नऊ जणांतला.

दुसरं, पैशाकडे तुम्ही जरा संशयानं बघता असं वाटलं. येशू आणि बारा जण गावोगाव फिरत होते त्यांचा खर्च कोण करत होतं? लूक 8 वाचा. हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना, सुसान्ना, अशा बाया आपल्या पैशातून करत होत्या. फिलिप्पैची मंडळी लुदियेच्या घरात जमली, ती जांभळ्या कापडाची व्यापारीण. अरिमथाईचा योसेफ धनवान नसता तर प्रभूला कबर कुणी दिली असती? पंडिता रमाबाईंचं नाव अजून इथं आलं नाही, पण येईल. केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना होता, शेती होती, शेकडो बायकामुलींना रोज जेवण होतं. ते निव्वळ भक्तीवर चाललं नाही. देणारे होते म्हणून चाललं.

माझा वायरिंगचा ठेका आहे. माझ्याकडची पोरं वेळेवर पगार घेऊन घरी जातात. हे मी ख्रिस्ती जीवनाच्या यशात धरतो आणि मला त्याची लाज वाटत नाही.

---

तिसरी_पिढी_मोहननगर

ठेकेदार दादांच्या बाजूनं, पण माझं कारण वेगळं आहे.

माझे पणजोबा गावकुसाबाहेरचे. मिशनच्या शाळेत अक्षरओळख झाली, आजोबा कंपाउंडर झाले, वडील क्लार्क, मी इंजिनिअर. मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले तेव्हा प्रवचनाच्या जोडीनं शाळाही काढली, आणि ते 1863 मध्ये टाकळघाटाकडून परतताना नाल्याच्या पुरात वाहून गेल्यानंतर 20 वर्षांनी त्यांच्या नावाचं कॉलेज उभं राहिलं. त्या लोकांना शिक्षण आणि रोजगार ही खालच्या दर्जाची गोष्ट वाटत नव्हती.

आता हेही लक्षात घ्या. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. शिखांना तो 1956 मध्ये मिळाला, बौद्धांना 1990 मध्ये, आपल्याला नाही. आमच्या घरात आलेली प्रत्येक नोकरी त्या सवलतीशिवाय आली आहे. माझी आई साक्षीला उभी राहून "माझ्या पोराला प्रमोशन मिळालं" म्हणते, तेव्हा तिच्या मागे चार पिढ्यांचा अपमान उभा असतो. त्या बाईला कुणी 'मिळकत मोजू नका' म्हणून बसवू नये. गरिबीत काही पवित्र नसतं, ज्यानं भोगली त्याला विचारा.

---

रात्रपाळी_सिस्टर

मी नर्स आहे. ख्रिस्तीच आहे, म्हणून दुप्पट बोलते.

कॅन्सर वॉर्डात एक तरुण मुलगी होती, मंडळीतली. तिच्यासाठी प्रार्थना करायला दोघं आले. त्यांनी तेल लावलं, गाणं म्हटलं, ते छानच झालं. मग जाताना बाहेरच्या बाकड्याजवळ तिच्या आईला म्हणाले की घरात कुणाचं तरी लपलेलं पाप आहे, नाहीतर तुमचा विश्वास कमी पडतोय. ती माउली पदराचं टोक बोटाला गुंडाळत मला विचारत होती, "सिस्टर, मी कधी काय केलं असेल?" मुलीचं सलाईन बदलायचं सोडून मी तिच्याजवळ बसले.

योहान 9 मध्ये शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशूनं दोन्ही नाकारलं. प्रेषित पौलानं शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारा त्रास, जावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा गेला नाही. त्यानं त्रफिम या सोबत्याला मिलेतात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला, 2 तीमथ्य 4 मध्ये एका ओळीत लिहिलंय. पौलाचा विश्वास कमी होता का?

मोहननगरच्या दादा, तुमच्या आईनं जरूर उभं राहावं. माझा राग त्या पुढच्या पायरीवर आहे. मिळालं ते देवानं दिलं, इथपर्यंत ठीक. पण तिथून नाही मिळालं त्याचं काहीतरी चुकलं, इथं पोचायला आपल्या लोकांना एक मिनिट लागत नाही.

---

सेमिनरीहिल्स_कॅथलिक

आमच्या मिस्सात (उपासनेत) साक्षीची वेळ नसते, तरी हा प्रश्न आमच्याकडेही आहेच. नोव्हेनाच्या प्रार्थनेला उपकारस्तुतीच्या चिठ्ठ्या वाचतात. परीक्षा पास, मूल झालं, घर विकलं गेलं. "माझं मागणं मान्य झालं नाही, तरी मी येत राहीन" अशी चिठ्ठी मी कधी ऐकली नाही. कुणी लिहिली तर वाचतील का, मला शंका आहे.

संत म्हणून आपण ज्यांच्या प्रतिमा लावतो त्यांच्यातले कितीतरी जण शहीद झालेले. यशाचा अर्थ मंडळीनं फार पूर्वीच ठरवून टाकला होता, आपण तो फक्त भिंतीवर ठेवला.

---

ठेकेदार_कोराडीरोड

@रात्रपाळी_सिस्टर, त्या दोघांचं मी समर्थन करत नाही. बायबलात संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र तेच करत होते आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच झाला.

तुम्हा सगळ्यांचा रोख समृद्धीच्या शिकवणीवर आहे, हेही कळतं. अमेरिकेत ओरल रॉबर्ट्स यांनी बी पेरण्याची भाषा रुजवली, देवाला दान द्या म्हणजे कित्येक पटीनं परत येईल. ती आता टीव्हीवरून आणि मोबाइलवरून आपल्या घरात आली. त्या भाषेशी माझं नातं नाही. मी दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, देतो तो परत यावा म्हणून नाही. पण मलाखी 3 मध्ये दशमांश आणून माझी परीक्षा घ्या असं देवानंच म्हटलंय. ते वचन फक्त टीव्हीवाल्यांचं झालं म्हणून आम्ही सोडून द्यायचं का?

आणि यशस्वी माणसाला मंडळीत अपराधी वाटायला लागलं तर तो जाईल दुसरीकडे. मग चर्चच्या गळक्या छताचं काय करायचं?

---

वऱ्हाडी_अंकल

मी जास्त शिकलेलो नाही, पण एक पाहिलेलं सांगतो. हार्वेस्टच्या, म्हंजे पिकाच्या आभाराच्या सणाच्या, दिवशी वेदीपुढं भाजीपाला, कोंबड्या, अंडी, केक सगळं मांडतात आन् उपासना झाल्यावर लिलाव होते. आमच्याकडं एका वर्षी एक दुधी भोपळा पार पाच हजारावर गेला. दोन घरची चुरस लागली होती. माइकवरून नाव पुकारून राहिले, लोक टाळ्या वाजवून राहिले. त्याच टेबलावर एका म्हातारीनं परसातली मेथीची जुडी ठेवली होती, सुतळीनं बांधलेली. पानं सुकून चालली होती. ती जुडी कोणी उचललीच नाही. शेवटी उरलेल्या भाजीत टाकून दिली. बाई तिथंच उभी होती.

चर्चच्या कामाला पैसा लागते, ठेकेदार साहेबाचं खरं आहे. पण मंदिरात दोन टोल्या (बारकी नाणी) टाकणाऱ्या विधवेचं काय? मार्क 12. सगळ्यात जास्त तिनं टाकलं म्हणून येशूनं शिष्यांना बोलावून दाखवलं. आमच्या लिलावात तिला कोणी पाहिलं नसतं बाप्पा.

---

सदरची_रविवारशाळा

अंकल, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

@तिसरी_पिढी_मोहननगर, तुमच्या आईला बसवा असं मी म्हणणार नाही. 1950 च्या आदेशाचा मुद्दा मंडळीत उघड बोलला जावा असंच मला वाटतं. तुमच्या आईची साक्ष पूर्ण ऐकायला मिळाली, म्हणजे पणजोबांपासून, तर ती नुसती प्रमोशनची साक्ष राहतच नाही. पण दोन मिनिटांत तिला फक्त शेवटची ओळ सांगता येते.

ठेकेदार दादा, धनवान लोकांची उदाहरणं तुम्ही दिली ती मला मान्य. फक्त एक बघा, लुदिया, योहान्ना, योसेफ, तिघांचीही नोंद त्यांनी काय दिलं म्हणून झाली आहे. लुदियेचा धंदा किती वाढला हे शास्त्र सांगत नाही. तुमच्या कामगारांचे वेळेवरचे पगार याच यादीत बसतात, आणि ती साक्ष मी तुमच्या तोंडून कधी ऐकली नाही. मुलाच्या नोकरीची ऐकली.

मत्तय 25 मधल्या दृष्टांतात पाचाचे दहा करणारा आणि दोनाचे चार करणारा, दोघांनाही धनी शब्दन् शब्द तीच शाबासकी देतो. आणि त्याच अध्यायात पुढे शेवटचा न्याय येतो, तिथं विचारणा काय होते? मी भुकेला होतो, परका होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो, तुम्ही काय केलं? इब्री 11 मध्येही तसंच. अर्ध्यापर्यंत सिंहांची तोंडं बंद होतात, लढाया जिंकल्या जातात. मग त्याच यादीत करवतीनं कापले गेलेले आणि मेंढरांची कातडी पांघरून रानावनात भटकणारे येतात. लेखक मध्ये ओळ सोडत नाही, दोघांना वेगळ्या वर्गात टाकत नाही.

माझी मागणी एवढीच आहे. महिन्यातून एका रविवारी पाळकसाहेबांनी मुद्दाम विचारावं, ज्यांचं उत्तर अजून आलेलं नाही असं कुणी बोलेल का? कुणी बोललं तर टाळ्या नकोत, उपाय सांगणं नको, विश्वास वाढवण्याचा सल्ला नको. मंडळीनं त्यांच्यासाठी तिथंच प्रार्थना करावी आणि आठवड्यात कुणीतरी त्यांच्या घरी जावं.

---

तिसरी_पिढी_मोहननगर

हे होऊ शकतं. पण माझी भीती सांगतो. आपल्या समाजात बातमी पसरायला वेळ लागत नाही. मुलाची नोकरी गेली हे रविवारी मंडळीत बोललं की सोमवारी मेकोसाबागेच्या ख्रिस्ती वस्तीत सोयरिकीच्या बोलण्यात येतं. लोक गप्प बसतात त्याचं हेही कारण आहे, फक्त समृद्धीची शिकवण नाही.

---

रात्रपाळी_सिस्टर

बरोबर. म्हणून सुरुवात वयस्कांनी करावी, ज्यांच्या सोयरिकी झालेल्या आहेत. आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीतल्यांनी. ज्याला गमवायला कमी आहे त्यानं आधी उभं राहावं.

---

ठेकेदार_कोराडीरोड

मी पंचकमिटीत आहे, म्हणून हे माझ्यावर आलं असं समजतो.

माझं मत तेच आहे. आभाराच्या साक्षी बंद करायला किंवा कमी करायला मी मत देणार नाही, आणि भरभराट हा देवाचा आशीर्वाद नाही असं कुणी लिहून आणलं तर सही करणार नाही. योहानाच्या तिसऱ्या पत्रात तो आपल्या मित्रासाठी, गायसासाठी, तब्येत आणि सगळ्या बाबतीत बरं मागतो, ते मी माझ्या मुलांसाठी मागतच राहीन.

पण महिन्यातल्या त्या एका रविवारला माझी हरकत नाही. लॉकडाउनमध्ये माझी तीन मोठी बिलं अडकली होती आणि दोन वर्षं मी दशमांश दिला नाही. हे घरात बायकोशिवाय कुणाला माहीत नव्हतं. ताई, तुम्ही पाळकसाहेबांना पत्र लिहा, दशमांशाचा वाद त्यात घालू नका, फक्त रविवारचं लिहा. कमिटीत मी मांडतो. आणि हार्वेस्टच्या लिलावात माइकवर नावं पुकारण्याचा विषयही त्याच बैठकीत घेतो. अंकल, तुम्ही त्या दिवशी या, ते तुमच्या तोंडून यायला हवं.