'पोन्यो'ची गोष्ट कच्ची आहे, हे मला मान्य नाही

लाटवेडी

जपानी ॲनिमेशन दिग्दर्शक हायाओ मियाझाकींच्या चित्रपटांची चर्चा निघाली की 'पोन्यो'ची (२००८) दोन वाक्यांत बोळवण होते. "दिसायला गोड, पण गोष्टीत दम नाही" हे ऐकून कान किटले, म्हणून हा धागा.

न पाहिलेल्यांसाठी: समुद्रातली एक चिमुकली मासोळी, पोन्यो, पाच वर्षांच्या सोसुकेला सापडते, त्याच्या बोटावरचं रक्त चाटते, त्याचं हॅम खाते आणि माणूस व्हायचा हट्ट धरते. त्या हट्टापायी समुद्राचा तोल जातो आणि गाव पाण्याखाली जातं.

मियाझाकींच्या स्टुडिओ घिब्लीने आधीच्या काही चित्रपटांत संगणकाची मदत घेतली होती. इथे ती बाजूला ठेवून सगळी हालचाल कागदावर पेन्सिलीने काढली, जवळजवळ १,७०,००० चित्रं. वादळाचा प्रसंग बघा. सोसुकेची आई लिसा कड्यालगतच्या वळणांवरून गाडी दामटतेय आणि शेजारून पोन्यो लाटांच्या पाठीवरून धावतेय. त्या लाटा म्हणजे गडद निळे, डोळे असलेले अवाढव्य मासे. एक फुटते तोवर पोरगी दुसरीवर! संगणकावर हुबेहूब पाणी करता आलं असतं, पण त्या पाण्यात हा मासा मावला नसता. पाच वर्षांच्या पोराला समुद्र जसा दिसतो तसा तो काढलाय. गोष्ट त्या रेषेतच आहे, संवादांत शोधाल तर थोडीच हाती लागेल.

पटकथेचा पाईक

चित्रं अप्रतिम, वादच नाही. पण लाखावारी चित्रं काढली हा मेहनतीचा पुरावा झाला, गोष्ट चांगली असल्याचा नाही. रंग तर संगणकावरच भरलेत, हेही सांगायला हवं.

माझा आक्षेप शेवटावर आहे. चंद्र पृथ्वीजवळ सरकतोय, जग बुडायची वेळ आलीय, म्हणून पोन्योचा बाप फुजिमोटो हवालदिल झालाय. हे सगळं निस्तरतं कशाने? पोन्योची आई ग्रानमामारे सोसुकेला विचारते की ही मुळात मासोळी आहे, तरी चालेल का? तो हो म्हणतो आणि प्रश्न मिटतो. मियाझाकींच्याच 'स्पिरिटेड अवे'तल्या चिहिरोला प्रत्येक गोष्ट राबून मिळवावी लागते. इथे सोसुके काय मोजतो?

दोन लेकरांची आई

मला लिसा जास्त खटकते. माणसं थांबवत असताना ती पोराला गाडीत घेऊन उसळत्या पाण्यातून गाडी काढते. मग त्याच रात्री दोन्ही पोरांना घरात ठेवून, ती काम करते त्या वृद्धाश्रमातल्या आज्या सुखरूप आहेत का बघायला निघून जाते. सकाळी पाणी पार दाराशी! माझ्या धाकटीने तिथे टीव्ही बंद करायला लावला. सगळ्यांनी मिळून बघा असं सुचवताना हे आधी सांगत जा. आणि जपानमधली २०११ ची त्सुनामी झाल्यावर, बुडालेल्या गावावरून मजेत होडी हाकणारी मुलं बघणं मला तरी जड जातं.

लाटवेडी

@आई, धाकटीची भीती खरी आहे, तिला आणखी दोन वर्षांनी दाखवा. पण लिसाला आदर्श माता म्हणून उभंच केलेलं नाही. नवरा जहाजावर, आज येतो म्हणतो आणि येत नाही. ती दिव्याच्या उघडझापीने त्याला "मूर्ख, मूर्ख" असा संदेश धाडते आणि रुसून आडवी पडते. समजूत पोरगा काढतो. अशी रागावणारी, दमणारी आई मुलांच्या चित्रपटात किती वेळा भेटते? आणि जाण्याआधी ती काय करते बघा. वाडग्यातल्या नूडल्सवर उकळतं पाणी, वर झाकण, पोरांना डोळे मिटायला लावायचं. झाकण उघडलं की हॅम, अंडं, कांद्याची पात. बाहेर वादळ असताना दिग्दर्शक या जेवणाला सवडीने वेळ देतो. पोटात ऊब गेल्यावरच ती पोराच्या हाती घर सोपवते.

@पाईक, तुम्ही परीक्षा चुकीच्या जागी शोधताय. लिसाची रिकामी गाडी बघून सोसुके रडतो. मग अंधाऱ्या बोगद्यात पोन्यो त्याच्या हातातच पुन्हा मासोळी होऊ लागते. आई बेपत्ता, मैत्रीण हातून निसटतेय, तरी तो तिला पाण्यात नेऊन हिरव्या बादलीत जपतो. त्याचं उत्तर तिथेच देऊन झालंय.

कागद-पेन्सिल

पुराबद्दल एक सांगतो. पाण्याखालचं गाव मोडलेलं, गाळात रुतलेलं दाखवलेलं नाही. रस्त्यांवरून डेव्होनियन काळातले, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे मासे संथपणे पोहताहेत आणि सोसुके त्यांची नावं सांगतोय. मुळात समुद्र जसा होता तसा परत आलाय. आणि त्यांची होडी! आपल्याकडे जत्रेत मिळते तीच, मेणबत्तीच्या आचेवर चालणारी, पोन्योने जादूने मोठी केलेली. हिरोशिमा प्रांतातल्या तोमोनोउरा बंदरात मियाझाकी मुक्कामाला होते, ते गाव शोधून बघा. कडा, घरं, धक्का सगळं ओळखीचं वाटेल.

पटकथेचा पाईक

बोगदा ताकदीचा आहेच, म्हणूनच तक्रार वाढते. त्यानंतर ग्रानमामारे आणि लिसा लांब उभ्या राहून बोलतात, ते आपल्याला ऐकूही येत नाही. पोराने कमावलेलं मोठ्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

लाटवेडी

सगळ्या मोठ्यांनी नाही. वृद्धाश्रमातली तोकी आजी फुजिमोटोवर काडीचाही विश्वास ठेवत नाही. "याचं ऐकू नकोस, इकडे ये" म्हणून ती सोसुकेला बोलावते आणि तो थेट तिच्या अंगावर झेप घेतो. तेवढा प्रसंग पुन्हा बघा, मग बोलू.