शब्दचर्चा: व्यसनी माणसाला कथेत काय म्हणायचं?

रात्रपाळी
एक दीर्घकथा लिहायला घेतली आहे. नायक पन्नाशीचा, नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यात राहणारा, एका पतसंस्थेत कॅशियर. सकाळी कामावर जायच्या आधी त्याला नव्वद लागते, म्हणजे नव्वद मिली दारू. शिवाय मोठ्या भावाच्या बायकोबद्दल त्याच्या मनात काहीतरी आहे. वीस वर्षं आहे, आणि ते त्याने स्वतःशीसुद्धा कधी धड कबूल केलेलं नाही. गोष्ट डोक्यात तयार आहे, शब्दांशी अडलंय. 'व्यसनी' लिहिलं की शाळेतला निबंध होतो. 'व्यसनाधीन' लिहिलं की एसटी स्टँडवरची पाटी. 'बेवडा' म्हटलं की वाचक हसायच्या तयारीत बसतो. वहिनीच्या बाबतीत तर 'वासना' म्हटलं की तो खलनायक आणि 'प्रेम' म्हटलं की मी खोटारडा. नेमके शब्द सुचवाल का?

शनिवारवाला
मद्यासक्त?

पेन्सिल
मद्यासक्त म्हटलं की हातात चषक घेतलेला संस्कृत नाटकातला राजा डोळ्यांपुढे येतो. पतसंस्थेतला कॅशियर येत नाही.

पदच्छेद
'व्यसन' या शब्दाला इतक्या लवकर हाकलू नका. संस्कृतात व्यसन म्हणजे संकट, आपत्ती हाही अर्थ ठळक आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण व्यसनांवरच आहे आणि त्यात दारू-जुगाराच्या बरोबरीने राजा, अमात्य, दुर्ग, कोश यांच्यावर येणारी संकटंही मोजली आहेत. व्युत्पत्तीही तिथेच दिलीय: 'व्यस्यत्येनं श्रेयस इति व्यसनम्'. माणसाला त्याच्या भल्यापासून लांब फेकून देतं, ते व्यसन. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाची १८ व्यसनं येतात, १० कामातून म्हणजे इच्छेतून निघालेली आणि ८ क्रोधातून. शिकार, फासे, मद्य हे ओळखीचेच. पण त्याच यादीत वृथाट्या म्हणजे उगाच भटकणं आहे आणि दिवास्वप्न आहे. हे दिवास्वप्न म्हणजे आपण आज म्हणतो ते जागेपणीचं स्वप्न नव्हे, चक्क दुपारची झोप. (पुण्यात राहून यावर मी अधिक बोलत नाही.)

सांगायचं इतकंच की शब्दात संकट आणि दोष दोन्ही होते. आजच्या 'व्यसनी'मध्ये संकट गळून गेलं, नुसता दोष उरला.

'अंमल' बघा वाटल्यास. पेशव्यांचा अंमल, इंग्रजांचा अंमल, भांगेचा अंमल. 'अमली पदार्थ' या सरकारी जोडशब्दातसुद्धा कुणीतरी राज्य करतंय, फक्त पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकात ते दिसत नाही.

रफवही
रात्रपाळी, तुम्ही नामं शोधताय. नामाने माणसाचा निकाल आधीच लागतो. मग पुढची चाळीस पानं वाचकाने कशाला वाचायची? क्रियापदं बघा, मराठीने सगळी काळी बाजू तिथे ठेवलीय.

पिणारा माणूस स्वतःबद्दल 'पिणे' फारसा म्हणत नाही. तो 'घेतो'. 'तुम्ही घेता का?' असं विचारलं की काय ते सांगावं लागत नाही. चहा असेल तर मात्र चहाचं नाव घ्यावं लागतं. तो 'बसतो'. 'शुक्रवारी बसू या' म्हणणाऱ्याला बसायला खुर्ची हवी असते असं नाही. तो 'टाकून' येतो, 'लावून' येतो. आणि त्याची बायको जिन्यात शेजारणीला हळूच सांगते, 'पुन्हा चालू झालीये हो.' काय चालू झालीये? वाक्यात कुठेच नाही. चढली, उतरली, वाढली, सोडली, सुटली, सगळीकडे नुसती स्त्रीलिंगी क्रियापदं आणि नाव न घेतलेली एक 'ती'.

आता तुमच्या कथेकडे वळतो. तुमच्या कॅशियरच्या आयुष्यात नाव न घ्यायच्या दोन 'ती' आहेत. मराठीने तुम्हाला एकच सर्वनाम फुकट दिलंय, आणि तुम्ही 'व्यसन' आणि 'वासना' अशी दोन लेबलं शोधत बसलाय! 'तिच्याशिवाय सकाळ जात नाही' हे वाक्य त्याच्या तोंडी घाला आणि पुढे अर्धं पान काही खुलासा करू नका.

दुसरं क्रियापद 'लागणे'. भूक लागते, झोप लागते, आग लागते, ठेच लागते, दृष्ट लागते, नाद लागतो, वेड लागतं. प्रत्येक ठिकाणी माणूस 'त्याला' होऊन बसलेला, करणारं कुणी वेगळंच. पडलेल्या पोराला आपण 'लागलं का रे?' विचारतो आणि चहावाल्याला 'दोन लागतील' म्हणतो. इजा आणि गरज एकाच धातूत. 'मला सकाळी चहा लागतो' आणि 'मला सकाळी नव्वद लागते' या वाक्यांचा सांगाडा एकच आहे, आणि कॅशियरला तेच हवंय. त्याची नव्वद चहाच्या रांगेत उभी राहिली की त्याचं घर शाबूत. तुम्ही प्रश्न विचारताना स्वतःच लिहून गेलाय 'त्याला नव्वद लागते'.

बाकीचे झटपट सांगतो. तलफ येते आणि भागवता येते, ती घटकाभराची. चटक सहसा दुसऱ्याला लागलेली असते, स्वतःची कुणी सांगत नाही. नादाला समोर काहीतरी लागतं, पत्ते, मटका, घोडे, बाई. आणि 'नादी लावलं' म्हटलं की घरच्यांना दोष द्यायला एक मित्र मिळतो. 'आहारी जाणे' वर्तमानपत्रांनी घासून गुळगुळीत केलंय, नाहीतर माणसाचाच घास व्हावा असं ते मला तरी वाटतं. 'लत' मालिकांमधून आली आहे, नारायण पेठेत नको.

पेन्सिल
'बेवडा' इतका सरळ टाकाऊ नाही. मुळात बेवडा म्हणजे दोनदा गाळलेली कडक दारू. ते नाव पिणाऱ्याला नंतर चिकटलं.

आणि हसण्याचं म्हणाल तर 'तळीराम' आठवा. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं आणि त्यातल्या एका पात्राचं नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसलं. आज नाटक न वाचलेला बातमीदारसुद्धा ३१ डिसेंबरला 'तळीरामांवर कारवाई' असा मथळा देतो. पण त्या नाटकात डोळ्यांदेखत रसातळाला जातो तो सुधाकर. बुद्धिमान, मानी, वकील. 'सुधाकर' सामान्यनाम झालं नाही! आपण त्यातला हसण्याजोगा माणूस भाषेत घेतला आणि दुसरा नाटकातच ठेवला. तुमचा कॅशियर सुधाकराच्या जातीचा दिसतो. गल्लीतली पोरं त्याला बेवडा म्हणोत की, निवेदकाने म्हणू नये.

शनिवारवाला
जाता जाता: महाराष्ट्रात दारू ज्या कायद्याखाली विकली जाते तो १९४९चा, आणि नाव दारूबंदीचं. प्यायला परवाना लागतो, म्हणून तर बारच्या पाटीवर 'परमिट रूम'. कथेत 'बार' न लिहिता 'परमिट रूम' लिहा, पन्नाशीचा माणूस तेच म्हणतो.

पायरी
मी पुण्यातच व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशनाचं काम करते, म्हणून चार गोष्टी.

सोडणे आणि सुटणे. 'मी सोडली' असं सांगणारे पुष्कळ भेटतात, व्यसनमुक्तीतले जुने लोक त्यांच्याकडे जरा काळजीनेच बघतात. 'सुटली' म्हणणारा वेगळा. त्यात 'मी' नाही, हात सैल झाल्याची कबुली आहे. १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या पहिल्या पायरीत हेच आहे, दारूपुढे आपलं काही चालत नाही हे मान्य करायचं. मराठीत ते नुसत्या क्रियापदाने होतं. आणि घसरला तर? 'स्लिप झाली.' जणू पावसात जिन्यावर झाली. 'स्लिप झाली' आणि 'मी प्यालो' या दोन वाक्यांमध्ये कधीकधी बरेच महिने जातात. कथेत ते महिने लिहिता आले तर लिहा.

'सुटणे'चा आणखी एक प्रकार आहे. दारू सुटली की कंप सुटतो, घाम सुटतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या एक-दोन दिवसांतच फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, नसलेली माणसं दिसणं, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. सिनेमासारखं नायकाला खोलीत कोंडून 'निश्चयाने' बरं करू नका. तिथे डॉक्टर लागतो.

तुमच्या कॅशियरची सकाळची नव्वद मौजेची नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. रात्रीची उतरली की सकाळी बोटं थरथरतात. थरथरत्या बोटांनी शंभराच्या गड्ड्या मोजता येत नाहीत, नोट नोटेला चिकटते, मोजणी चुकते, रांगेतला माणूस बघतो. नव्वद घेतली की बोटं स्थिर. म्हणजे तो नोकरी टिकवण्यासाठी पितो. हे एवढं नीट दाखवलंत तर 'व्यसनी' शब्द लिहावाच लागणार नाही.

दारूऐवजी गर्द असता तर शब्दसंग्रह पार बदलला असता. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगरला, म्हणजे अशुद्ध हेरॉईनला, 'गर्द' नाव पडलं, ओढणारा 'गर्दुल्ला'. पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं ते त्याच लाटेत. पुडी, पन्नी, आणि माल मिळाला नाही की जो त्रास होतो तो 'टर्की'. इंग्रजी 'कोल्ड टर्की'तली थंडी गेली आणि टर्की राहिली. पण हे शब्द तुमच्या वाड्यात शिरले तर उसने वाटतील.

पिंपळपार
कुणी वहिनीकडे वळेना, म्हणून मी.

'वासना' एवढा घाणेरडा शब्द नाही हो. 'तापामुळे अन्नावरची वासनाच उडालीय' असं आपली आई म्हणते तेव्हा कुणी दचकत नाही. तत्त्वज्ञानाच्या दर्शनांमध्ये वासना म्हणजे चित्तावर राहून गेलेला संस्कार. फुलं काढून घेतल्यावर करंड्यात वास राहतो तसा. त्याहून जवळचं हवं असेल तर एखाद्या सकाळी नदीकाठी ओंकारेश्वरच्या घाटावर जाऊन बसा. दहाव्याचे पिंड ठेवलेले असतात, कावळे समोरच्या झाडावर बसून बघतात आणि खाली येत नाहीत. भटजी म्हणतात, 'वासना कशात तरी अडकलीय, आठवा.' मग मुलगा पुढे होतो: घराचं बघतो, आईला सांभाळतो, धाकटीचं लग्न करतो. कावळा ढिम्म. कुणीतरी मागून सुचवतं, ते पानसुपारीचं म्हणा. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवतात आणि सगळे घड्याळं बघत निघतात.

तुमच्या कॅशियरच्या दहाव्याला कावळा कशाने शिवेल हे जमलेल्यांपैकी एकाच बाईला ठाऊक असेल, आणि ती ते मोठ्याने म्हणू शकणार नाही. हा शब्द खलनायकाचा कसा?

'अनैतिक संबंध' मात्र चुकूनही नको. तो क्राइम रिपोर्टरचा शब्द. आणि तुमच्या कथेत संबंध झालेलाच नाही.

जुनाबाजार
'अश्लील होईल' ही भीती मनात असेल तर त्या शब्दाबद्दलही थोडं. अश्लील म्हणजे मुळात 'अश्रील', श्री नसलेलं, शोभा नसलेलं. नैतिकता पुढे आली. कायद्यात मात्र त्याला कलम आहे. १९६२च्या 'रंभा' दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' छापून आली, भारतीय दंड संहितेच्या २९२ कलमाखाली खटला झाला, २५ रुपये दंड झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९६९ मध्ये ते निर्दोष सुटले. सुटे उतारे नव्हे, सबंध कृती बघायची, हा त्या निकालातला लेखकाच्या उपयोगाचा भाग. (तेच कलम आता भारतीय न्याय संहितेत २९४ आहे.) तुमच्या कथेत कोर्टात जाण्यासारखं काही दिसत नाही. नातेवाईक वाचतील ती काळजी वेगळी, तिला कलम नाही.

रात्रपाळी
दोन 'ती'ची कल्पना चोरतोय. नोटांची गड्डीही. एक राहिलं: वहिनी नुसतीच बघितली जाते असं होतंय. तिचं स्वतःचं काही हवं. पिणाऱ्या बाईला मराठीत शब्द आहेत ते सगळे शिव्याच.

डबी
पिणारीच कशाला? मिश्री द्या तिला. गावाकडच्या आणि शहरातल्याही कितीतरी बायकांना ती लागते आणि कुणी तिला व्यसन म्हणत नाही, कारण तिचं क्रियापद 'लावणे' आहे, कुंकू लावावं तसं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, बोटाने दातांना लावून बसायचं. सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं कारण असतं. पहिल्यांदा लावणारीला भोवळ येते, ते मात्र सांगत नाहीत.

रात्रपाळी
पण नारायण पेठेतली वहिनी मिश्री लावेल का, ताई?

डबी
माहेर जुन्नरकडचं दाखवा, काही अडत नाही. फक्त घरात भाजू देऊ नका. तो खाट, म्हणजे भाजतानाचा उग्र धूर, वाडाभर जातो, खोकत खोकत सगळे बिऱ्हाडकरू बाहेर येतील. ती तयार पुडी आणणार. स्वतः दुकानात जाणार नाही, मग कुणाला तरी सांगावं लागेल. दीर रोज त्याच रस्त्याने येतो ना?