मूविंग बघतेय, पण उडणाऱ्या पोरापेक्षा त्याच्या आईकडेच लक्ष जातंय, असं का होत असेल?

अबोली२२

मंडळी, सुपरहिरो प्रकार मी कधीच बघत नाही, मारामारी सुरू झाली की माझं लक्ष उडतं. पण लेकीने (अकरावीत आहे) आग्रहच धरला म्हणून मूविंग ही कोरियन सिरीज लावली, २०२३ ची आहे, एकूण २० भाग, आणि पहिले सात भाग आम्ही चार दिवसांत संपवले, म्हणजे रात्री साडेबारापर्यंत बसून.

ज्यांनी बघितली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. बोंग-सोक नावाचा बारावीतला गुबगुबीत, गोड मुलगा, त्याला उडता येतं, पण येतं म्हणजे ते त्याच्या हातात नाहीये, मन आनंदलं की पाय आपोआप जमिनीवरून सुटतात. आपण म्हणतो ना स्वारी हवेत आहे, ते त्याच्या बाबतीत खरंच होतं. शाळेत नवीन आलेली ही-सू जवळ आली की झालं! मग तो मनातल्या मनात गणितातल्या पायचे आकडे म्हणत बसतो, तीन पूर्णांक एक चार एक पाच नऊ, म्हणजे मन दुसरीकडे वळेल आणि पाय खाली राहतील. दप्तरात वजनं घातलेली असतात. आणि त्याची आई त्याला सारखी खाऊ घालते, कारण पोरगं जड राहिलं पाहिजे.

इथेच मी अडकले. आपल्याकडे आई ताटात अजून एक पोळी वाढते ती पोराने बाळसं धरावं म्हणून, आणि ही बाई वाढतेय ती पोरगं हातातून निसटून आभाळात जाऊ नये म्हणून. आणि तो पण मुकाट्याने खातो, कारण त्याला माहितीये आई का वाढतेय. त्या जेवणाच्या प्रसंगांना मला भरून येतं, लेक माझ्याकडे बघते आणि म्हणते, आई अजून काहीच झालं नाहीये.

तर प्रश्न दोन. एक म्हणजे आठवा भाग लावला तर मुलं गायबच, एकदम नव्वदच्या दशकात नेलं, आईबाबांच्या तरुणपणात. लेक वैतागलीये, तिला बोंग-सोक आणि ही-सूचं पुढे काय होतं ते हवंय. मुलं परत येतात का? आणि दुसरं, तुम्हाला यात नेमकं काय आवडलं? कारण मला आवडतंय हे नक्की, पण का ते नीट सांगता येत नाहीये. शेवट कृपया कुणी फोडू नका.

---

गच्चीवरचा_पतंग

ताई, मुलं परत येतात, निर्धास्त राहा, आणि आठव्याला सोडू नका, प्लीज! मी ही सिरीज येत होती तेव्हाच बघितलीये, ९ ऑगस्ट २०२३ ला सात भाग एकदम आले आणि मग दर बुधवारी दोन-दोन, शेवटच्या बुधवारी तीन. म्हणजे आठवा बघायला आम्हाला आठवडाभर थांबावं लागलं होतं आणि आल्यावर सगळ्यांची तुमच्या लेकीसारखीच चिडचिड झाली होती, की अरे आमची पोरं कुठायत. नववा संपेपर्यंत मात्र मी पोरांना पूर्ण विसरलो होतो.

मूळ गोष्ट कांग पुल या चित्रकथाकाराची, २०१५ ला वेबटून म्हणून ऑनलाइन आली होती, आणि सिरीजची पटकथा पण त्याने स्वतःच लिहिलीये. मला वाटतं सगळा फरक तिथेच पडलाय. दुसऱ्या कुणी लिहिली असती तर वीस भाग ठेवलेच नसते, आईबाबांचा भूतकाळ दहा मिनिटांत गुंडाळला असता, दोन-तीन धूसर आठवणी दाखवल्या की झालं. इथे प्रत्येक आईबापाला त्यांचे-त्यांचे भाग आहेत, पूर्ण. मी-ह्यॉन आणि दू-शिक, म्हणजे बोंग-सोकचे आईबाबा, यांची प्रेमकथा तर मी सुटी काढून कुणालाही दाखवेन. तिला मैलभर लांबची टाचणी पडलेली ऐकू येईल असे कान आणि तसेच डोळे, आणि त्याला उडता येतं. दोघंही गुप्तहेर खात्यात, आणि तिला त्याच्यावर नजर ठेवायला पाठवलेलं असतं. नजर ठेवता ठेवता काय होतं ते बघाच.

आणि मग परत पहिल्या सात भागांतलं जेवण आठवतं आणि तेव्हा कळतं की ती बाई पोराला जमिनीवर का धरून ठेवतेय, उडणाऱ्या माणसाचं काय करतात हे तिने बघितलंय. म्हणजे तुम्हाला आईकडे बघावंसं वाटतंय ते बरोबरच आहे, गोष्ट तिचीच आहे.

बाय द वे, बोंग-सोक झालेल्या ली जंग-हाने या रोलसाठी तीस किलो वजन वाढवलं होतं, आणि त्याच रोलसाठी त्याला कोरियातल्या बेक्सांग पुरस्कारांत नवोदित अभिनेत्याचं बक्षीस मिळालं. २०२४ च्या त्याच सोहळ्यात टीव्हीचा सर्वोच्च पुरस्कार मूविंगला आणि पटकथेचा कांग पुलला.

---

लांबचा_पाहुणा

मी सात वर्षं कोरियात आहे, सुवॉनला, त्यामुळे थोडं इथलं सांगतो, जे सबटायटलमध्ये येत नाही.

बोंग-सोकच्या आईचं जे दुकान आहे ते डोनकात्सूचं, म्हणजे डुकराच्या मांसाचा कटलेट, कोरियन पद्धतीत तो कुटून पातळ आणि एवढा मोठा करतात की ताटाबाहेर जातो, वर सॉस ओततात. दुकानाचं नाव नामसान डोनकात्सू. आता नामसान म्हणजे सोलच्या मधोमध असलेला डोंगर, टॉवर आहे तो, आणि त्याच्या पायथ्याशी डोनकात्सूची दुकानं खरंच प्रसिद्ध आहेत, केबल कारला जाणारे लोक तिथे जेवतात. पण जुन्या माणसांना नामसान म्हटलं की दुसरंच आठवतं, कारण गुप्तहेर खात्याचं मुख्यालय नव्वदच्या मध्यापर्यंत त्याच डोंगरावर होतं, हुकूमशाहीच्या काळात तिथे नेऊन लोकांना मारझोड व्हायची, नुसतं नामसानला नेलं म्हटलं तरी घरच्यांच्या पोटात गोळा यायचा. म्हणजे या बाईने जिथे नोकरी केली, जिथे जीव लावला आणि जिथून जीव मुठीत धरून पळाली त्याच जागेचं नाव दुकानावर लावलंय. माझ्या इथल्या मित्राने हे समजावलं तेव्हा मी दुसऱ्यांदा पहिल्यापासून बघायला घेतली.

तसंच ही-सूच्या बाबांचं चिकनचं दुकान. इथे नोकरी सुटली, वय झालं, की माणूस चिकनचं दुकान टाकतो, हे इतकं कॉमन आहे की गल्लीत दोन-तीन सापडतातच, आणि त्यातली बरीच बंद पण पडतात. तर ज्याच्या जखमा आपोआप भरतात, गोळी लागली तरी उठतो, असा माणूस शेवटी काय करतो, तर लेकीच्या शिक्षणासाठी तेलासमोर उभा राहून चिकन तळतो. कोरियन प्रेक्षकाला तो बघताच आपला बाप आठवतो. र्यू सुंग-र्योंगने तो असा काही केलाय की विचारू नका.

---

उंबरठा

वर कुणीच गांग-हूनच्या बाबांचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितेय.

गांग-हून म्हणजे वर्गातला तो गप्प, हुशार, सगळ्यात ताकदवान मुलगा. त्याचे बाबा जे-मान मतिमंद आहेत, त्यांचं छोटं किराणा दुकान आहे आणि ते रोज दुकानाबाहेर बसून मुलाच्या वाटेकडे डोळे लावून असतात. एवढंच दिसतं सुरुवातीला. त्यांचा भाग चौदावा, तो येईपर्यंत थांबा. अंगात प्रचंड ताकद आणि वेग, आणि मनात फक्त बायको आणि मुलगा. बायको चंग्येचॉनला रस्त्यावर पथारी टाकून विक्री करणारी. सोलमधला हा नाला पूर्वी बुजवून वर पूल बांधला होता, २००३ ला तो पूल पाडायचं काम सुरू झालं आणि २००५ ला तिथे छान वाहतं पाणी आणि फिरायला जागा झाली, फोटो सगळ्यांनी बघितले असतील, पण त्या पुलाखाली आणि आजूबाजूला पथारी टाकून बसणाऱ्या लोकांना उठवलं गेलं, आंदोलनं झाली. ते सगळं यात येतं. अतिक्रमणची गाडी आल्यावर फेरीवाल्यांची जी पळापळ होते ती मी लहानपणापासून बघितलीये, माझी आजी भाजी घेऊन बसायची, त्यामुळे तो भाग मला सलग बघवला नाही, मधे थांबवून पाणी पिऊन आले.

माझा भाऊ पण जे-मानसारखा आहे. टीव्हीवर अशी माणसं एकतर हसवायला असतात नाहीतर कीव करायला. इथे तो बाप आहे, आणि मुलाला त्याची लाज वाटत नाही. मला मूविंग का आवडते याचं माझं उत्तर एवढंच आहे.

---

अबोली२२

उंबरठा, तुमचं वाचून काय लिहावं सुचेना. चौदाव्याला तुमची आठवण काढेन.

पाहुणे, नामसानचं लेकीला वाचून दाखवलं, ती म्हणाली म्हणजे आई दुकानाच्या पाटीवर रोज दू-शिकची वाट बघतेय. मला हे सुचलं नव्हतं.

---

काळी_दोन

सगळे कौतुक करताय आणि ते योग्यच आहे, पण एक सांगायला हवं, यात रक्त भयंकर आहे. फ्रँक नावाचा अमेरिकेतून आलेला माणूस जुन्या एजंटांना शोधून मारतो ते पहिल्या सात भागांतच आहे, आणि पुढे जू-वॉनच्या, म्हणजे ही-सूच्या बाबांच्या मारामाऱ्या, म्हणजे जखम भरते म्हणून दाखवायला काही हातचं राखलेलं नाही. माझा मुलगा आठवीत आहे, त्याच्यासोबत मी बंद केली. अकरावीतल्या मुलीला ठीक असेल, पण बाकीच्यांनी हे वाचून लहान मुलांना बसवू नका.

दुसरं म्हणजे मला शेवटचे भाग थोडे लांबलेले वाटले, शाळेतली लढाई खूप वेळ चालते.

---

गच्चीवरचा_पतंग

रक्ताबद्दल शंभर टक्के सहमत, मी आधीच लिहायला हवं होतं. लांबल्याबद्दल नाही पटलं. ती लढाई लांबते कारण समोरून आलेले उत्तर कोरियाचे लोक नुसते मार खायला आणलेले नाहीयेत, त्यांनाही तिकडे पकडून, धाक घालून तयार केलंय, त्यांची पण गोष्ट सांगितलीये. दोन्हीकडच्या सरकारांनी दोन्हीकडच्या माणसांचं सारखंच केलं. एकच देश मधून कापलेला, बोलतात एकच भाषा, आणि एकमेकांच्या जिवावर उठलेत. ते समजल्यावर प्रत्येक ठोसा मला दोन्ही बाजूंनी लागत होता, मला कुणाच्या बाजूने टाळ्या वाजवता येईनात.

आणि बोंग-सोक लहान असताना आई त्याला जे सांगते ते सगळ्या लढाईभर डोक्यात राहतं, की दुसऱ्याचं मन कळणं हीच सगळ्यात मोठी शक्ती, दुसऱ्याला दुखावून कुणी हिरो होत नाही. पोरगं उडायला शिकतं ते या शिकवणीसकट.

---

लांबचा_पाहुणा

दुसरा सीझन येणार असं नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालंय. तोपर्यंत त्याच लेखकाची दिव्यांच्या दुकानावरची आठ भागांची सिरीज आहे, डिसेंबर २०२४ ची, दिग्दर्शन किम ही-वॉनचं, म्हणजे मूविंगमध्ये जिम्नॅशियममधले ते गंभीर पीटीचे सर आहेत ना, तोच. ती मात्र भीतीच्या अंगाने जाते, रात्री एकट्याने लावू नका.

---

अबोली२२

आठ ते अकरा झाले. तुम्ही सगळ्यांनी सांगितलं नसतं तर आम्ही पुढे ढकलून सरळ बारावा लावला असता, खरंच आभार.

अकराव्यात जू-वॉनच्या बायकोचं (ज्यांनी बघितला त्यांना माहितीये) झाल्यावर तो एवढा मोठा माणूस, ज्याला गोळ्या लागून काही होत नाही, तो जसा रडतो ते बघून आम्ही दोघी काही बोललोच नाही, टीव्ही बंद करून तशाच बसलो. शेवटी लेक उठली आणि बाबाला फोन लावला. तो कामासाठी बाहेरगावी असतो, रात्रीचे पावणेबारा, तो घाबरलाच की काय झालं. ती म्हणाली काही नाही, जेवलास का तेवढं सांग.

बारावा आज लावतोय. ती आता मुलं कधी येणार विचारत नाहीये, जे-मान कधी येतात ते विचारतेय.