मदत हवी आहे: परदेशात फिजिओचं काम, नोट्स वेळेत कशा लिहिता?
परदेशात आउटपेशंट फिजिओ म्हणून नुकतीच जॉईन झालेय, लायसन्सचं सगळं झालंय, तो प्रश्न नाही. ट्रीटमेंट जमतेय, अडतंय ते एसओएपी नोट्सवर (पेशंट काय सांगतो, तपासणीत काय दिसतं, त्यावरून आपलं मत म्हणजे असेसमेंट, आणि पुढचा प्लॅन, अशा चार भागांत लिहायची नोंद). गुडघ्याची रेंज (तो किती वाकतो, सरळ होतो) वाढली एवढं लिहून इथे भागत नाही, पेशंट जिना चढतो का, खुर्चीतून आधाराशिवाय उठतो का असे फंक्शनल गोल लागतात, आणि ते मला पटतंही, पण वेळच पुरत नाही. टेम्प्लेट करून बघितलं तर सगळ्या नोट्स सारख्याच दिसायला लागल्या. घरी नेऊन लिहायची परवानगी नाही. पेशंटसमोर टाईप करत बसलं की बोलणं तुटतं, पहिल्या भेटीत तर तेच सगळ्यात महत्त्वाचं असतं ना. बाहेर काम केलेल्यांनी प्लीज सांगा, सेशन चालू असताना नेमकं काय टिपून घेता आणि असेसमेंटचा भाग कधी लिहिता?