ऑस्ट्रेलियातली आइस हॉकी: या खेळाडूंना पगार मिळतो का?

मुक्काम_मेलबर्न:
गेल्या शनिवारी डॉकलंड्सच्या आइसहाउसमध्ये ऑस्ट्रेलियन आइस हॉकी लीगचा सामना बघितला. अगदी काचेलगत बसलो होतो. एक बचावपटू समोरच्या बोर्डवर असा आदळला की माझ्या हातातली कॉफी हिंदकळली. तासाभरानं तोच पार्किंगमध्ये आपली भलीमोठी किटबॅग स्वतःच डिकीत कोंबत होता! ही मंडळी पोटापाण्यासाठी हेच करतात का? आणि हंगाम एप्रिललाच का सुरू होतो?

दक्षिणायन:
पगार नाही. इथले खेळाडू नोकऱ्या सांभाळून खेळतात, वर बरेच जण खेळण्यासाठी संघाला फी भरतात. परदेशी खेळाडू मोजकेच घेता येतात. उत्तर गोलार्धातल्या लीग तिकडच्या उन्हाळ्यात बंद असतात, तेव्हाच ते मोकळे असतात आणि इथे तर हिवाळा. म्हणून एप्रिल.

मी 2014 साली कॅनबेरात होतो. तिथला नाइट्स संघ म्हणजे 2000 साली ज्या तीन संघांनी लीग सुरू केली त्यांतला एक. हंगाम तोंडावर आला असताना तो बंद होत असल्याचं जाहीर झालं. आता शनिवारी जायचं कुठे, हाच प्रश्न पडला होता मला. पण खेळाडू गप्प बसले नाहीत. त्यांनीच धावपळ करून काही आठवड्यांत सीबीआर ब्रेव्ह हा नवा संघ उभा केला आणि फिलिप उपनगरातल्या त्याच जुन्या रिंकवर उतरले. पहिल्या सामन्याला ओरडून ओरडून माझा घसा बसला होता. पुढे 2018 मध्ये ब्रेव्हनं गुडॉल कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. या कपसाठी 1909 पासून खेळतात, हेही सांगून ठेवतो. पगार नसलेल्या माणसांनी वाचवलेला संघ आहे तो, म्हणून मला फार जवळचा.

रिंककाठची_आई:
पैशाइतकीच बर्फाची टंचाई आहे हो. रिंक कमी, दिवसभर तिथे सगळ्यांसाठी स्केटिंग, त्यामुळे हॉकीच्या वाट्याला उरलेल्या वेळा येतात. माझ्या लेकीचा सराव पहाटे साडेपाचला. सिडनीत वाढलेला नेथन वॉकर तेराव्या वर्षी थेट चेक प्रजासत्ताकात खेळायला गेला. 2017 मध्ये एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या लीगमध्ये, खेळणारा तो पहिला ऑस्ट्रेलियन ठरला. पुढच्याच वर्षी त्याच्या वॉशिंग्टन कॅपिटल्स संघानं त्या लीगचा स्टॅनली कप जिंकला, त्या दिवशी आमच्या मुलींनी रिंकवर नुसता दंगा घातला होता.

मुक्काम_मेलबर्न:
दोघांचे मनापासून आभार. ताई, अगदी नवख्या मुलांना सुरुवातीला स्केट्स भाड्यानं मिळतात का? मुलगा नऊ वर्षांचा आहे, शनिवारपासून तेच विचारतोय.