समोरच्या गच्चीवरील टॉवर आणि कानाशी धरलेला फोन

प्रश्न (दादर)
आमच्या सोसायटीसमोरील इमारतीच्या गच्चीवर मोबाइल टॉवर उभा राहिला असून तो हटवण्यासाठी सभासदांच्या सह्या घेणे सुरू आहे. माझी अकरावीतील मुलगी रात्री बराच वेळ फोनवर बोलते. सही करण्यापूर्वी मला हे समजून घ्यायचे आहे की, या लहरींचा खरा धोका किती आहे आणि फोनच्या पाठीला चिकटवण्याच्या ‘अँटी-रेडिएशन’ चिपचा काही उपयोग होतो का?

प्रतिसाद १ (दूरसंचार अभियंता, मुलुंड)
ताई, सही करण्याची घाई करू नका. लहरींची तीव्रता अंतरासोबत झपाट्याने घटते, त्यामुळे शरीराला मिळणारी बहुतेक ऊर्जा दूरच्या टॉवरकडून नव्हे, तर कानाला टेकलेल्या फोनकडून येते. शिवाय सिग्नल जितका क्षीण, तितका जोर फोनला टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी लावावा लागतो; म्हणजे टॉवर दूर गेला, तर तुमच्या मुलीच्या कानाशी असलेल्या फोनचे प्रसारण वाढण्याचीच शक्यता अधिक. आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. ९०० मेगाहर्ट्झ वारंवारितेच्या लहरींसाठी ती दर चौरस मीटरला ०.४५ वॅट येते. सोसायटीला शंका असेल, तर दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळाद्वारे शुल्क भरून मोजणी मागता येते. सह्यांच्या मोहिमेपेक्षा मला हा मार्ग अधिक योग्य वाटतो.

चिपवर मात्र एक रुपयाही खर्च करू नका. ती लहरी खरोखरच अडवत असेल, तर फोन उलट आपली शक्ती वाढवील.

प्रतिसाद २ (भौतिकशास्त्राची शिक्षिका, गिरगाव)
या लहरी क्ष-किरणांसारख्या आयनकारी नाहीत. रेणूंमधील बंध तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊतींचे किंचित तापणे. ऊती किती ऊर्जा शोषतात, याचे माप म्हणजे ‘सार’ (SAR, विशिष्ट शोषण दर). भारतात फोनसाठी त्याची मर्यादा एक ग्रॅम ऊतीवरील सरासरीने प्रतिकिलो १.६ वॅट आहे, आणि बहुतेक फोनवर *#०७# डायल केले की आकडा दिसतो. तो कमाल शक्तीला मोजलेला असल्याने रोजच्या वापरात प्रत्यक्ष शोषण बहुधा त्याहून कमीच असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २ब गटात ठेवले, हे खरे. परंतु तो गट पुरावा मर्यादित असल्याचे सांगतो, धोका किती मोठा आहे हे सांगत नाही.

प्रतिसाद ३ (रोजचा लोकलप्रवासी, डोंबिवली)
मुलीला लांबलचक गप्पांसाठी वायरचा इअरफोन किंवा स्पीकर वापरायला सांगा आणि झोपताना फोन उशीखाली ठेवू देऊ नका. तिथे चार्जिंगला लावलेला फोन तापतो, हा धोका तर अगदी उघड आहे. लिफ्टमध्ये किंवा सिग्नलची एकच कांडी दिसत असेल तिथे बोलणे पुढे ढकलावे. तिला हेही अवश्य सांगा की, कानात इअरफोन घालून रेल्वेरूळ किंवा रस्ता ओलांडणे हे या सगळ्या लहरींपेक्षा कितीतरी अधिक घातक आहे.