टर्बो बसवलेल्या एस्टीमचा ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) केव्हा बदलावा?

प्रश्न: माझ्या मारुती एस्टीमच्या १.३ लिटर इंजिनाला केवळ ट्रॅकसाठी छोटा टर्बो बसवला असून बूस्ट (टर्बोमुळे वातावरणापेक्षा वाढलेला हवेचा दाब) ०.३ बार आहे. मूळ ईसीयूला पिगीबॅक (त्याचे संकेत बदलणारे जोड-उपकरण) जोडून गाडी नीट चालते. बूस्ट ०.६ बारपर्यंत न्यायचा असल्यास स्टँडअलोन ईसीयू (मूळ ईसीयूच्या जागी बसणारा स्वतंत्र ईसीयू) आताच घ्यावा का?

उत्तर १: होय, बूस्ट वाढवण्यापूर्वीच घ्यावा. हे इंजिन मुळात टर्बोविरहित असल्याने त्याचा मॅप सेन्सर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) वातावरणाच्या दाबापलीकडे फारसे मोजत नाही. वाढलेला बूस्ट ईसीयूला कळतच नाही, आणि पिगीबॅकला इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) नेमकेपणाने मागे घेता आले नाही, तर नॉकिंगमुळे (इंधनाच्या अनियंत्रित ज्वलनामुळे) पिस्टन फुटू शकतो. नव्या ईसीयूबरोबर किमान २ बारचा मॅप सेन्सरही लावावा.

उत्तर २: सहमत आहे, परंतु आधी वाइडबँड सेन्सर (धुरावरून हवा-इंधन प्रमाण मोजणारा) लावून नोंदी पाहाव्यात. पूर्ण बूस्टवर हवा-इंधन प्रमाण १२ च्या वर सरकत असेल (म्हणजे इंधन कमी पडत असेल) आणि इंजेक्टरची ड्यूटी सायकल (तो उघडा राहण्याच्या वेळेचे प्रमाण) ८५ टक्क्यांच्या पुढे जात असेल, तर इंजेक्टर आणि पंप अगोदर बदलावे लागतील, कारण मुळात कमी पडणारे इंधन कोणताही ईसीयू निर्माण करू शकत नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. नोंदी घेईपर्यंत बूस्ट ०.३ वरच ठेवतो.